जपानी छापचित्रातली ती स्त्री कोण? बिजिन-गा वाचायला शिकताना

टोकियोला राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मी उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. तिथल्या एका दालनात लाकडी ठशांची जुनी छापचित्रं मांडलेली असतात. एका चित्रासमोर मी बराच वेळ थांबले. डोक्यात किरणांसारख्या पसरलेल्या काड्या, अंगावर थरावर थर रेशीम, पोटावर केवढी तरी मोठी गाठ आणि पुढे एकसारखे कपडे घातलेल्या दोन लहान मुली. मी बहिणीला कळवलं, "आज जपानची राणी पाहिली." पुढे शेजारची पाटी नीट वाचली तेव्हा कळलं, ती योशिवारातली, म्हणजे एदो (टोकियोचं जुनं नाव) शहरातल्या परवाना असलेल्या वेश्यावस्तीतली वरच्या दर्जाची गणिका होती.

ही चूक मला फार लागली. चित्रात सगळं लिहिलेलं होतं, मला वाचता येत नव्हतं. आपल्याकडे जुन्या फोटोतल्या बाईचं कुंकू, नथ, अंबाडा, लुगड्याचा काठ पाहून आजी तिची अर्धी कहाणी सांगायची. एदोचा माणूस ही चित्रं तशीच वाचत असे. स्त्रियांच्या या चित्रांना बिजिन-गा म्हणतात, शब्दशः 'सुंदर व्यक्तीचं चित्र'. ती युकियो-ए या लाकडी ठशांच्या छापचित्रांच्या मोठ्या परंपरेचा भाग आहेत. मला हे शिकायला दोन-तीन वर्षं लागली, कारण कुठून सुरुवात करायची हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हा क्रम लिहून ठेवते.

सुरुवातीला जवळ काय हवं

फार काही नको. मोठं करून पाहता येईल असं चित्र हवं. बॉस्टनचं ललित कला संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि ब्रिटिश म्युझियम या चारही ठिकाणांचे संग्रह घरबसल्या पाहता येतात. 'युकियो-ए डॉट ऑर्ग' या संकेतस्थळावर एखादं चित्र टाकलं तर तेच चित्र इतर कुठल्या संग्रहात आहे तेही सापडतं. सोबत एक वही ठेवा. प्रत्यक्ष छापचित्र हातात येणार असेल तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. जपानी वाचता येत नसेल तरी अडत नाही, एखाद्या अक्षराचा आकार ओळखता आला की बरंच काम होतं. ते पुढे सांगते.

१. आधी काळ ठरवा

बाकीच्या सगळ्या खुणांचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो, म्हणून हे पहिलं. नेमकं साल सापडलं नाही तरी पंचवीस-तीस वर्षांच्या टप्प्यात चित्र बसवता यायला हवं.

१७६५ हे वर्ष पाठ करा. त्या साली सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून अनेक रंगांची छपाई रुळली. तिला निशिकी-ए म्हणतात, म्हणजे जरीच्या कापडासारखं चित्र. त्याआधीच्या छापांत बहुधा गुलाबी आणि हिरवा असे दोन-तीनच रंग दिसतात. हारुनोबूच्या मुली बारीक, नाजूक, बाहुलीसारख्या, हातपाय अगदी इवलेसे. १७८० च्या दशकात तोरी कियोनागाच्या स्त्रिया उंच आणि सरळ होतात, बहुतेक वेळा घराबाहेर, घोळक्यात. १७९० च्या दशकात कितागावा उतामारो कॅमेरा पुढे सरकवावा तसा जवळ येतो आणि फक्त चेहरा-छाती दाखवतो. या चित्रांना ओकुबि-ए म्हणतात. १८२० नंतर केइसाई एइसेन आणि उतागावा कुनिसादा यांच्या स्त्रिया थोड्या वाकलेल्या, मान आखूड, हनुवटी लांब, कपडे गच्च नक्षीचे. गडद, थंड निळा रंग भरपूर दिसला तर चित्र बहुधा १८३० च्या आसपासचं किंवा नंतरचं, कारण प्रशियन निळा तेव्हापासून मुबलक वापरात आला.

आणखी एक खूण म्हणजे सेन्सॉरचा शिक्का. १७९१ पासून छापायच्या आधी चित्र तपासून घ्यावं लागे आणि 'किवामे' हा लहान गोल शिक्का, आत एकच अक्षर, कलाकाराच्या सहीच्या आसपास येऊ लागला. तो दिसला की चित्र त्या सालाच्या मागे जात नाही.

२. ओबीची गाठ कुठे आहे ते बघा

ओबी म्हणजे किमोनोवर बांधायचा पट्टा. गाठ पुढे आणि मोठी असेल, सोबत केसांत भरपूर काड्या असतील तर ती ओइरान, म्हणजे योशिवारातली वरच्या दर्जाची गणिका. गाठ मागे असेल तर ती गेइशा, चहाच्या दुकानातली मुलगी किंवा घरातली स्त्री असू शकते.

इथे पहिला खड्डा आहे आणि मी त्यात पडले. नुसती पुढची गाठ पाहून निकाल देऊ नका. अठराव्या शतकाच्या बऱ्याच भागात विवाहित आणि वयस्क स्त्रियाही गाठ पुढे बांधत. हारुनोबूच्या काळातली साधे केस असलेली, मुलाला जवळ घेऊन बसलेली स्त्री पुढे गाठ बांधून दिसली तर ती गृहिणी असण्याचीच शक्यता जास्त. गाठ, केस आणि भुवया या तिन्हींची साक्ष जुळल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे.

दुसरा खड्डा त्याहून मोठा. किमोनोतली प्रत्येक नटलेली बाई म्हणजे गेइशा, असं आपण धरून चालतो. एदोतली स्त्री-गेइशा अठराव्या शतकाच्या मध्यानंतर पुढे आली. तिचा धंदा गाणं, वाजवणं, बैठक रंगवणं. गणिकांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून योशिवारात गेइशांवर कडक नजर असे आणि त्यांचा वेश मुद्दाम साधा ठेवलेला असे. त्यामुळे चित्रात जी सगळ्यात झगमगीत ती गेइशा नव्हे, तिच्या मागे शामिसेन हे तीन तारांचं वाद्य घेऊन बसलेली, दोन-तीनच काड्यांची, ती गेइशा. शहराच्या आग्नेयेला असलेल्या फुकागावाच्या गेइशा तर पुरुषांचा हाओरी हा अंगरखा वर घालत. त्यांचा ताठा एदोत कौतुकाचा विषय होता.

३. केस

केशरचनांची नावं डझनांनी आहेत, ती सगळी पाठ करत बसू नका. तीन पुरेत. शिमादा ही लग्न न झालेल्या मुलींची, गेइशांचीही. मारुमागे म्हणजे गोलसर अंबाडा, तो विवाहित स्त्रीचा. आणि योको-ह्योगो, फुलपाखराच्या पंखांसारखी दोन्हीकडे उघडलेली, ती ओइरानची. १७७० पासून पुढची वीसेक वर्षं कानांवरचे केस पंख्यासारखे बाहेर काढून इतके विरळ पसरत की आरपार दिसे. आकाशकंदिलाच्या आठवणीने त्याला तोरो-बिन म्हणत.

काड्या मोजा. केसांतल्या काड्यांना कान्झाशी म्हणतात, आडव्या दांडीला कोगाई, कंगव्याला कुशी. कासवाच्या कवचाच्या पिवळसर, पारदर्शक काड्या महाग असत. त्या डोक्यात डझनभर, दोन-तीन कंगव्यांसकट खोचलेल्या दिसल्या की तिचा दर्जा आणि तिच्यावर झालेला खर्च दोन्ही समोर येतात.

इथे जरा थांबून चित्र मोठं करा आणि कपाळावरची केसांची कड बघा. एक-एक केस सुटा दिसेल. कलाकाराच्या कच्च्या रेखाटनात हे केस बहुधा नसतात. ते कोरणाऱ्याने रानटी चेरीच्या कडक लाकडात, केसाइतकी बारीक रेघ उभी ठेवून, आजूबाजूचं लाकूड काढून केलेलं काम आहे. कार्यशाळेत डोकं कोरायचा मान सगळ्यात मुरलेल्या कारागिराचा, कपडे शिकाऊ मुलांकडे. सही उतामारोची असते, पण ही कड ज्या हाताने कोरली त्याचं नाव बहुतेक वेळा चित्रावर नसतं. मला याचं वाईट वाटतं, आणि म्हणून मी दर वेळी ती कड आधी बघते.

४. भुवया, दात आणि ओठ

सगळ्यात भरवशाच्या खुणा या चेहऱ्यावर आहेत आणि नवखा माणूस नेमका त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो, कारण सगळे चेहरे त्याला सारखेच वाटतात.

लग्न झालं की स्त्री दात काळे करी. याला ओहागुरो म्हणतात. लोखंडाचे तुकडे व्हिनेगरसारख्या आंबट द्रवात मुरवून त्यात झाडावरच्या गाठींची तुरट पूड मिसळली की पक्का काळा रंग होतो. हे ऐकून परदेशी मित्र दचकतात, आपण दचकायचं कारण नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्या दातवण लावून दात काळे करत आणि ते सौभाग्याचं लक्षण मानलं जाई. मूल झालं की जपानी स्त्री भुवयाही काढून टाकी. काही छापांत भुवयांच्या जागी फिकट निळसर छटा दिसते, ती याचीच.

आता हे जुळवून बघा. दात काळे आणि भुवया नाहीत, तर घरसंसारातली आई. दात पांढरे आणि भुवया जाग्यावर, तर लग्न न झालेली मुलगी किंवा एदोची गेइशा. दात काळे पण भुवया आहेत, तर दोन शक्यता: नुकतं लग्न झालेली, किंवा योशिवारातली गणिका. हो, गणिकाही दात काळे करत. त्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एका रात्रीची 'बायको' असा तो संकेत होता. अशा वेळी पुन्हा ओबीकडे वळा. वस्तीभोवती जो खंदक होता त्याचं नावच लोकांनी ओहागुरो-दोबू, म्हणजे काळ्या दातांचा खंदक, असं पाडलं होतं.

तोंड मिटलेलं असलं तर दात दिसत नाहीत, मग ओठ बघा. एइसेनच्या काळातल्या छापांत खालचा ओठ चक्क हिरवा दिसेल. मला वाटलं होतं रंग उडाला. तसं नाही, तो मुद्दाम छापलेला हिरवा आहे. लाल रंग, बेनी, करडईच्या फुलांपासून काढत. हो, तीच करडई, आपल्याकडे जिचं तेल काढतात. तो इतका महाग की 'जेवढं बेनी तेवढं सोनं' अशी म्हण होती. तो ओठावर थरावर थर लावला की वाळल्यावर किड्याच्या पंखासारखी हिरवी चमक येई. याला सासाबेनी म्हणत. म्हणजे हिरवा ओठ हा मिरवलेला खर्च. ज्यांना परवडत नसे त्या खाली काळी शाई लावून वर पातळ बेनी फिरवत, तशीच चमक मिळे. एवढ्याशा ओठात फॅशन, पैसा आणि काटकसर तिन्ही बसलेल्या आहेत, म्हणून मला ही खूण सगळ्यात आवडते.

५. पाय आणि सोबतची माणसं

ओइरान मिरवणुकीने निघे तेव्हा तिच्या पायात वीतभर उंच, काळ्या लाखेच्या, तीन दातांच्या खडावा असत आणि पाय बाहेरच्या बाजूने अर्धवर्तुळात फिरवत ती सावकाश चाले. पाय अनवाणी. थंडीतही मोजे नाहीत, बर्फातली मिरवणूक असली तरी. ते अनवाणी पाय दर्जाची खूण होते, इतर बायका ताबी हे मोजे घालत.

सोबतच्या मुली ओळखायला शिका. पुढच्या एकसारख्या वेशातल्या लहान मुली म्हणजे कामुरो. सात-आठ वर्षांच्या असताना वस्तीत आलेल्या, मोठ्या गणिकेच्या हाताखाली वाढणाऱ्या. थोड्या मोठ्या, लांब बाह्यांच्या तरुण मुली म्हणजे शिन्झो, पुढची पिढी. मागे छत्री धरणारा किंवा कुळचिन्हाचा कंदील घेतलेला पुरुष नोकर असतो. जितका लवाजमा मोठा, तितका दर्जा वरचा. ओगिया या घराण्यातली, म्हणजे त्या नावाच्या वेश्यागृहातली, हानाओगी हस्ताक्षरासाठी आणि कवितेसाठी नावाजलेली होती. तिच्या दोन कामुरोंची नावं योशिनो आणि तात्सुता. योशिनो चेरीच्या बहरासाठी प्रसिद्ध, तात्सुता शरदातल्या लाल मेपलसाठी. दोन पोरींच्या नावांत वसंत आणि शरद आणून बसवले होते.

हातातल्या वस्तूही बोलतात. लांब गुंडाळीचं पत्र हे प्रेमाचंच असतं असं नाही, गिऱ्हाइकांना पत्रं लिहिणं हा गणिकेच्या रोजच्या कामाचा भाग होता. कोतो हे तंतुवाद्य, गो हा पटावरचा खेळ, लेखन आणि चित्र या चार वस्तू एकत्र दिसल्या तर चिनी विद्वानांच्या चार कला या स्त्रियांच्या अंगी आहेत असं सुचवायचं असतं. आजूबाजूला चुरगळलेले मऊ कागद असतील तर इशारा शेजेकडे आहे.

६. कापड: भपका नेहमी दिसेल असं नाही

एदोत कोणी काय नेसायचं यावर सरकारचे हुकूम निघत. व्यापारी कितीही श्रीमंत असला तरी सामाजिक उतरंडीत सामुराईच्या खाली, मग त्याच्या बायकोने भारी रेशीम, दाट लाल रंग, सोन्याचं काम मिरवायचं नाही. लोकांनी काय केलं? बाहेरून तपकिरी, करडा, बारीक पट्ट्यांचा साधा किमोनो आणि आत अस्तर भारी. 'अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे' असा वाक्प्रचारच त्या रंगछटांसाठी रूढ झाला. या संयत देखणेपणाला इकी म्हणतात. म्हणून साधा राखाडी किमोनो दिसला की गरीब समजू नका. बाहीची कड, गळ्याची कड, चालताना उलटलेला घेर बघा. तिथून लाल, ठिपक्यांचं आतलं वस्त्र डोकावत असेल. ते ठिपके म्हणजे बहुधा कानोको, आपल्या बांधणीची जपानी बहीण, एक-एक गाठ हाताने बांधून केलेली आणि म्हणून महाग.

नक्षीचं थोडं सांगते. सरळ रेषांची षट्कोनी ताऱ्यासारखी नक्षी म्हणजे आसानोहा, तागासारख्या झपाट्याने सरळ वाढणाऱ्या झाडाचं पान, मुलांच्या आणि तरुण मुलींच्या अंगावर फार दिसते. क्रौंच, पाइन, कासव हे दीर्घायुष्याचे. आयरिसची फुलं आणि फळ्यांचा वाकडातिकडा पूल एकत्र असतील तर 'इसे'च्या कथा या जुन्या जपानी ग्रंथातला प्रवासी आठवायचा असतो. प्लमचा बहर म्हणजे वसंताची चाहूल, मच्छरदाणी आणि काजवे म्हणजे उन्हाळा. गणिका पांढऱ्या स्वच्छ किमोनोत दिसल्या तर तो शोक नव्हे. आठव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी योशिवारात पांढरं नेसायची रीत होती.

आणि एक लक्षात ठेवा, ही चित्रं कापडाची जाहिरातही होती. १७७० च्या दशकाच्या मध्यापासून इसोदा कोर्युसाईने एक मालिका काढली, तिच्यात शंभराहून अधिक पत्रकं आहेत आणि प्रत्येकावर कुठल्या घराण्यातली कोण गणिका नव्या नक्षीचे कपडे घालून उभी आहे. पाहणाऱ्याने कापड पाहावं, घराणं पाहावं, दोन्हीकडे पैसे जावेत.

७. अक्षरं आणि कुळचिन्हं

चित्राच्या वरच्या कोपऱ्यात मालिकेचं नाव, बाजूला बऱ्याचदा स्त्रीचं नाव. गणिकेच्या नावाआधी घराण्याचं नाव येतं: 'ओगिया उची हानाओगी', म्हणजे ओगिया घरातली हानाओगी. 'उची' हे अक्षर दाराच्या चौकटीत माणूस उभा असावा तसं दिसतं. ते सापडलं की वरची अक्षरं घराण्याची, खालची तिची. एवढं एक अक्षर ओळखायला लागल्यावर माझं निम्मं कोडं सुटलं.

यानंतर उतामारोचं १७९३ च्या सुमाराचं 'आजच्या तीन सुंदरी' हे चित्र उघडा आणि अर्धा तास त्याला द्या. त्रिकोणात तीन चेहरे, मागे अभ्रकाची चमक. मधली, वरची, तोमिमोतो तोयोहिना, गेइशा. उजवीकडची नानिवाया ओकिता, आसाकुसाच्या चहाच्या दुकानातली. डावीकडची ताकाशिमा ओहिसा, र्योगोकूजवळच्या तांदळाच्या कुरकुरीत पापड्या विकणाऱ्या घरातली मुलगी. शेवटच्या दोघी सोळा-सतरा वर्षांच्या. यातली एकही गणिका नाही. दुकानात चहा देणारी मुलगी सगळ्या शहराला तोंडओळखीची झाली होती ती या छापांमुळे.

पहिल्या नजरेला तिघी बहिणी वाटतात. आता मोठं करून बघा. नाकाचा बाक वेगळा, डोळ्यांचा कोन वेगळा, गालांची भरणी वेगळी. आणि कुळचिन्हं: तोयोहिनाचं प्रिमरोझचं फूल, ओकिताचं पौलोनियाच्या पानाफुलांचं, ओहिसाचं ओकच्या तीन पानांचं. एदोतला माणूस नाव न वाचता चिन्हावरून ओळखत असे.

ते पुढे उपयोगी पडलं, कारण १७९३ मध्ये गणिका सोडून इतर स्त्रियांची नावं छापायला बंदी आली. उतामारो आणि प्रकाशकांनी कोपऱ्यात चित्रकोडी घालायला सुरुवात केली. ओकिताचं कोडं असं: भाजीच्या दोन जुड्या, एक बाण, खुला समुद्र, भातखाचर. भाजी 'ना', दोन जुड्या 'निवा', बाण 'या', खुला समुद्र 'ओकी', खाचर 'ता'. मिळून नानिवाया ओकिता. १७९६ मध्ये या कोड्यांवरही बंदी आली आणि १८०० मध्ये मोठ्या चेहऱ्यांच्या चित्रांवर. १८०४ मध्ये हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रं काढल्याबद्दल उतामारोला हातात बेड्या घालून पन्नास दिवस ठेवलं. दोन वर्षांनी तो वारला.

८. आत दुसरी गोष्ट दडली आहे का?

चित्रात काहीतरी विचित्र दिसलं तर समजा की ही मिताते आहे, म्हणजे जुन्या कथेला आजचे कपडे. दोरी बांधलेलं मांजर आणि पडद्याआडची स्त्री दिसली तर ती 'गेन्जी'च्या कथेतली, म्हणजे एका जुन्या जपानी कादंबरीतली, तिसरी राजकन्या. लव्हाळ्याच्या काडीवर उभी राहून पाणी ओलांडणारी तरुणी म्हणजे बोधिधर्म, जो आपल्याकडून चीनला गेला असं मानतात. पांढऱ्या हत्तीवर बसलेली गणिका म्हणजे बोधिसत्त्व समंतभद्र. नो या जपानच्या जुन्या नाट्यप्रकारातल्या एका नाटकात एगुचीची गणिका शेवटी समंतभद्र म्हणून प्रकटते आणि तिची नाव पांढरा हत्ती होते. ही उदाहरणं मराठी वाचकाला परदेशी वाचकापेक्षा लवकर कळतील असं मला मनापासून वाटतं, हत्तीवरचा बोधिसत्त्व आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

९. विकत घेण्याआधी

माझी एक चूक सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. जुन्या वस्तूंच्या बाजारात मी एक 'अस्सल उतामारो' घेतला. घरी भिंगाखाली धरला तर सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके. यंत्रावर छापलेला कागद होता. हाताने छापलेल्या पत्रकात ठिपके नसतात, रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो आणि मागच्या बाजूला बारेन या घासणीच्या फेऱ्यांच्या खुणा उमटलेल्या दिसतात.

पण हाताचं छापलेलं म्हणजे जुनंच असंही नाही. उतामारोचे ठसे नंतर अनेकदा नव्याने कोरले गेले आहेत. टोकियोतली आदाची ही संस्था आजही पारंपरिक पद्धतीने नव्याने कोरून छापते आणि नवं म्हणूनच विकते. घरात लावायला मी तेच सुचवेन. त्यांचे रंग बघितले की जुनी चित्रं मूळची किती टवटवीत असतील तेही कळतं. जुन्या छापांतला निळा बऱ्याचदा एका फुलाच्या रसाचा, तो उडून पिवळट राखाडी होतो, जांभळा तपकिरी होतो. त्या उडालेल्या रंगावरून 'उदास छटा' वगैरे अर्थ काढू नका. बॉस्टनच्या संग्रहालयाला स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ मध्ये हजारो छापचित्रं दिली ती कधीही भिंतीवर न लावण्याच्या अटीवर, आणि म्हणून त्यांचे रंग आजही ताजे आहेत. खिडकीसमोर जुनं छापचित्र टांगण्याआधी हे आठवा.

नवं असताना मात्र या चित्रांना कुणी इतकं जपत नसे. एकोणिसाव्या शतकात सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, एका वाडग्याला १६ मोन (तेव्हाची तांब्याची नाणी) पडत आणि एका मोठ्या पत्रकाला साधारण २०.

१०. एकदा पायी जाऊन या

चित्रातला दर्जा आणि त्या बाईचं आयुष्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. घरच्यांनी आगाऊ रक्कम घेऊन मुलीला काही वर्षांच्या करारावर दिलेलं असे. जे रेशीम आपण कौतुकाने बघतो ते, बिछाने, कामुरोंचे कपडे, यांचा खर्च तिच्याच नावावर चढे. वर जाईल तसा लवाजमा वाढे आणि लवाजम्यासोबत कर्ज. १६५७ च्या आगीनंतर वस्ती आसाकुसाच्या मागे शेतांत हलवली गेली, सभोवार खंदक, ये-जा करायला एकच मोठं दार. शाही रुबाबात चालणाऱ्या ओइरानला त्या दारातून मनाला येईल तेव्हा बाहेर पडता येत नव्हतं.

टोकियोत असाल तर एक सकाळ काढा. हिबिया मार्गावरच्या मिनोवा स्थानकावर उतरा, जोकान-जी देवळात जा. १८५५ च्या मोठ्या भूकंपात मेलेल्या योशिवारातल्या बायका इथे आणून पुरल्या आणि लोक याला 'टाकून द्यायचं देऊळ' म्हणू लागले. मागच्या बाजूला त्यांचं स्मारक आहे. मी गेले तेव्हा तिथे कुणीतरी लाल फण्या आणि केसांच्या काड्या ठेवल्या होत्या. मी फोटो काढला नाही, तुम्हीही शक्यतो काढू नका.

तिथून योशिवाराच्या जुन्या दाराकडे पायी वीसेक मिनिटं. चौकात एक विलोचं झाड आहे, मागे वळून बघायचा विलो म्हणतात त्याला. मूळ झाड केव्हाच गेलं, त्या जागी पुन्हा-पुन्हा नवं लावत आलेत. तिथून आत जाणारा रस्ता आजही सरळ नाही, इंग्रजी एससारखा वळतो, बाहेरच्या माणसाला आतलं दिसू नये म्हणून तेव्हा तसाच आखला होता. त्या वळणावर उभं राहून फोनवर हानाओगीचं एखादं चित्र उघडा आणि या वेळी पुढे चालणाऱ्या दोन लहान मुलींच्या चेहऱ्यांपासून सुरुवात करा.